नाही म्हणा, पण बसून म्हणा : पुण्यातल्या मनोविकारतज्ज्ञांना खुलं पत्र

पुण्यातल्या तमाम मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी कर्वेनगरला राहते, एका बँकेत नोकरी करते, आणि गेली बारा वर्षं माझ्या मोठ्या भावाची फाईल काखेत घेऊन तुमच्यापैकी कुणा ना कुणाच्या वेटिंग रूममधे बसतीये. एक फाईल होती, त्याच्या आता दोन झाल्यात, जुनी पुठ्ठ्याची नाडीवाली आणि नवी प्लॅस्टिकची बटणवाली. दादा भोसरीला एका कंपनीत टूलरूमला, म्हणजे अचूक मापाची हत्यारं-साचे बनवायच्या खात्यात होता, मायक्रॉनशिवाय बोलायचा नाही, घरात पोळी जाड झाली तरी व्हर्नियर आणू का म्हणायचा. २०१३ च्या पावसाळ्यात एक दिवस तो कंपनीच्या बसच्या स्टॉपवर उभा राहिला, बस आली, गेली, आणि हा तिथंच. दुपारी दोनला शेजारच्यांनी घरी आणून सोडलं. तेव्हापासून डिप्रेशनवर एस्सिटालोप्रॅम झालं, व्हेन्लाफॅक्सिन झालं, मर्टाझपिन झालं, त्याला लिथियमची जोड दिली, दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, २०१९ मधे शॉकचा कोर्स झाला. शॉकनं त्याला जवळजवळ सव्वा वर्ष चांगलं ठेवलं. हे मुद्दाम लिहितीये, कारण पुढचं सायलोसायबिनबद्दलचं, म्हणजे काही मश्रूममधे असणाऱ्या भास घडवणाऱ्या द्रव्याबद्दलचं, वाचून कुणाला वाटायला नको की ही बाई गोळ्यांच्या विरोधातली दिसते. अजिबात नाहीये. गोळ्या नसत्या तर दादा नसता, एवढं मला कळतं.

आमच्या घरात दिवस कसा जाणार ते सकाळी सातला कपावरून कळतं. वहिनी बाल्कनीत त्याच्यासमोर चहा ठेवते. दिवस बरा असेल तर कप रिकामा आत येतो. नसेल तर चहावर साय धरते, मग तिला सुरकुत्या पडतात, आणि साडेआठला वहिनी कप तसाच उचलून बेसिनमधे ओतते, काही न बोलता. गेल्या दिवाळीपासून रोज ओतलाच जातोय.

तर मुद्द्यावर येते. गेल्या डिसेंबरमधे दादानं स्वतःहून डॉक्टरांना एक प्रश्न विचारला. बारा वर्षांत मला आठवतंय त्याप्रमाणे तिसरा किंवा चौथा असेल, एरवी 'बरंय' आणि 'झोप येते' याच्यापलीकडे तो तुमच्यासमोर बोलत नाही. त्यानं विचारलं, डॉक्टर ते सायलोसायबिनचं काय आहे, माझ्यासारख्या गोळ्या लागू न पडणाऱ्या पेशंटवर ट्रायल झालीये म्हणे. डॉक्टर प्रिस्क्रिप्शन लिहीत होते, मान वर न करता म्हणाले, 'आता या वयात चरसी व्हायचंय का? ते यूट्यूब बंद करा आधी.' आणि हसले. दादा पण हसला. मी पण हसले, खोटं कशाला सांगू, डॉक्टर हसले की आपण हसतोच. बाहेर आल्यावर तो म्हणाला चल, उशीर होतोय, आणि त्यानंतर त्यानं तो विषय ना डॉक्टरांकडे काढला ना आमच्याकडे.

नाव लिहीत नाही कारण ते डॉक्टर वाईट नाहीयेत. बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात, प्रत्येकाला चार-पाच मिनिटं मिळतात, त्यात हा मश्रूमचा विषय कोण काढणार. पण विषय संपला नाही ना, तो फक्त तुमच्या खोलीतून बाहेर गेला.

फेब्रुवारीत वहिनीचा फोन आला, दादाचं डोकं गरगरतंय, डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय म्हणतोय, चिडचिड करतोय. मी संध्याकाळी गेले. गोळ्यांचा डबा बघितला तर सोमवार ते रविवार सगळे कप्पे भरलेले. साहेबांनी दोन आठवड्यांपूर्वी व्हेन्लाफॅक्सिन स्वतःच कमी करत आणून बंद केली होती. लिथियम मात्र चालू, म्हणजे ती स्ट्रिप वेगळी ठेवली होती, 'ती मूडची नाही, ती सपोर्टची आहे' असं त्याचं लॉजिक. का बंद केली, तर उत्तर लॅपटॉपवर उघडं होतं, एक गूगल फॉर्म. घाटाखाली एका फार्महाऊसवर तीन रात्रींचा 'रिट्रीट', 'मश्रूम सेरेमनी', ब्रेथवर्क, शेअरिंग सर्कल, सगळं मिळून ४८ हजार, त्यातला १५ हजार ॲडव्हान्स दादानं भरून टाकलेला.

मी तो फॉर्म पूर्ण वाचला. व्हेज की जैन विचारलं होतं. टी-शर्टचा साईज विचारला होता. घोरता का विचारलं होतं, रूम शेअरिंगसाठी. चालू गोळ्या कुठल्या ते विचारलं नव्हतं. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आहे का ते विचारलं नव्हतं. आधी कधी आत्महत्येचा विचार आलाय का, ते तर नाहीच नाही. शेवटी एक चौकोन होता, 'मी माझ्या जबाबदारीवर येत आहे', त्यात दादानं टिक केलेली.

त्या रात्री मी वाचायला बसले ते दोन महिने वाचतच होते. बँकेतल्या बाईला काय कळतं म्हणाल, पण टेबलं आणि आकडे वाचायची आम्हाला सवय असते. आणि पहिल्याच आठवड्यात जे सापडलं त्यानं माझे हातपाय गार पडले. लिथियम चालू असताना अशी सायकेडेलिक, म्हणजे भास घडवणारी द्रव्यं घेतलेल्या लोकांनी इंटरनेटवर स्वतःचे जे अनुभव लिहिलेत त्यातले ६२ अमेरिकेतल्या संशोधकांनी तपासले, त्यात जवळजवळ निम्म्यांमधे फिट येण्याचा उल्लेख होता. ट्रायल नाहीये ही, लोकांनी स्वतः लिहिलेलं आहे, अतिशयोक्ती असू शकते, मान्य. पण जो माणूस लिथियमला 'सपोर्टची गोळी' समजून चालू ठेवतोय आणि दुसरी बंद करतोय त्याला हे कुणीतरी सांगायला नको? तुमच्याशिवाय कोण सांगणार? तो विचारायला आला होता की हो तुमच्याकडे.

बरं, दादा जे वाचून आला होता ते यूट्यूबवरचं नव्हतंच. ती २०२२ मधे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे आलेली ट्रायल होती, दहा देशांतल्या २२ सेंटरवर, २३३ पेशंट, सगळे गोळ्या लागू न पडलेले. एका गटाला कारखान्यात बनवलेल्या सायलोसायबिनचे २५ मिलिग्रॅम एकदाच, दुसऱ्याला १०, तिसऱ्याला नावापुरतं १. तीन आठवड्यांनी २५ वाल्या गटाचा डिप्रेशनचा स्कोअर १ वाल्यांपेक्षा साडेसहा पॉईंटनं जास्त उतरला. साधारण ३७ टक्क्यांना चांगला फरक पडला, १ मिलिग्रॅमवाल्यांमधे १८ टक्क्यांना. म्हणजे २५ मिलिग्रॅम घेतलेल्या दहातल्या सहांना फारसं काही झालं नाही, हे ना कुठल्या रिट्रीटवाल्याच्या रीलमधे येत नाही. आणि आत्महत्येचे विचार, स्वतःला इजा करणं, असले प्रकार तिन्ही गटांत दिसले. २०२१ मधे लंडनच्या इम्पिरियल कॉलेजनं ५९ जणांमधे सायलोसायबिन आणि आपलं रोजचं एस्सिटालोप्रॅम समोरासमोर ठेवलं, तर सहा आठवड्यांनी मुख्य मोजमापात दोन्हींत ठळक फरक सापडला नाही. २०२५ मधे मोठ्या, शेवटच्या टप्प्यातल्या एका ट्रायलचा पहिला आकडा आला, तिथे प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा, फरक ३.६ पॉईंटचा. आहे, पण जादू नाहीये.

शिवाय यात एक गोम आहे जी मला एकदम पटली. या औषधात पेशंटपासून लपवता येत नाही की त्याला खरं मिळालं का खोटं. पडदा श्वास घेताना दिसायला लागला की माणसाला कळतंच की लागली लॉटरी, आणि ज्याला नाही मिळालं तो हिरमुसतो, मग त्याचा स्कोअर त्यामुळे वरच राहतो का औषध नसल्यामुळे, कसं ठरवायचं? हे प्रश्न दादाला त्या दिवशी तुम्ही सांगितले असते ना, तर तो टूलरूमचा माणूस आहे, त्याला मोजमापातली चूक म्हणजे काय ते आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आता तुमच्यातले काहीजण म्हणतील, मग झालं तर, आम्ही हसलो ते बरोबरच होतं. नाही. कारण दुसरी बाजू पण आहे आणि ती हसण्यासारखी नाही.

२०१६ मधे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांच्या टीमनं ५१ कॅन्सर पेशंटना, ज्यांना मरणाच्या भीतीनं ग्रासलं होतं अशांना, हे औषध गाईडच्या देखरेखीखाली दिलं, सहा महिन्यांनी सुद्धा जवळजवळ ८० टक्क्यांची चिंता आणि उदासी बरीच कमी राहिलेली होती. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेनं २०१८ मधे हट्टी डिप्रेशनसाठी याला 'ब्रेकथ्रू थेरपी'चा दर्जा दिला, म्हणजे मंजुरी नव्हे, पण तपासायला लवकर घेऊ असं. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२३ पासून ठरावीक परवानाधारक मनोविकारतज्ज्ञांना, गोळ्या लागू न पडणाऱ्या डिप्रेशनसाठी, हे द्यायची परवानगी दिली. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात २०२० मधे लोकांनी मतदान करून सेंटर्स मंजूर केली, २०२३ मधे सुरू झाली, तिथे तर आजाराचं निदान सुद्धा लागत नाही, २१ वर्षं पूर्ण पाहिजेत फक्त. मला विचाराल तर ओरेगॉनपेक्षा ऑस्ट्रेलियाची पद्धत आपल्याकडे जास्त चालेल, कारण आपल्याकडे एकदा 'सेंटर' शब्द आला की कोचिंग क्लासच्या शेजारच्या गाळ्यात बोर्ड लागायला वेळ लागत नाही.

आणि 'गाईडेड' हा शब्द आहे ना, सगळी गोष्ट त्यातच आहे. कॅप्सूल हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग असावा. ट्रायलमधे पेशंटशी आधी बरेच तास बोलतात, त्याचं आयुष्य समजून घेतात, गोळ्या बंद करायच्या तर त्या देखरेखीखाली हळूहळू बंद करतात, घरात कुणाला सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा आजार असेल तर सरळ नाही म्हणतात. मग एक दिवस पलंग, डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत, आणि शेजारी ट्रेनिंग घेतलेली माणसं, बरेचदा दोन, सहा ते आठ तास. शरीरात सायलोसायबिनचं सायलोसिन होतं, ते मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या एका ठरावीक रिसेप्टरवर जाऊन बसतं, आणि त्या काही तासांत माणूस रडतो, घाबरतो, मेलेल्या आईशी बोलतो, काहीही. शेजारचा माणूस त्याला काही शिकवत नाही, नुसता असतो. नंतर परत बैठका, जे दिसलं त्याचं काय करायचं यावर. चार मिनिटांच्या ओपीडीत वाढलेल्या माझ्यासारखीला हे वाचूनच भरून आलं, की कुणीतरी सहा तास पेशंटच्या शेजारी बसतं! कधीकधी मला शंका येते की निम्मा गुण त्या बसण्याचाच असेल. तेही तपासायला हवंच की.

तिथे गाईड लोक पेशंटला तीन गोष्टी सांगतात असं वाचलं, ट्रस्ट, लेट गो, बी ओपन. मी आणि वहिनी ओट्यापाशी उभ्या राहून याचं मराठी करत होतो. ट्रस्ट म्हणजे विश्वास ठेव, ठीक. पण लेट गो? 'सोडून दे.' वहिनी पटकन म्हणाली, अगं हे तर त्यांना बारा वर्षं सगळे सांगतायत, सोड रे, विचार करू नको, फिरायला जा. खरंच की. डिप्रेशनच्या माणसाला मराठीत 'सोडून दे' म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं आहे. 'सैल हो'? ते शवासनात म्हणतात. 'वाहू दे'? नाटकी वाटतं. शेवटी आई आतून म्हणाली, 'येईल ते येऊ दे म्हणा.' आईला अजून वाटतं की आम्ही अळंबीच्या भाजीबद्दल बोलतोय, कृषी महाविद्यालयात लागवड शिकवतात ना, तिथून आणा म्हणते, ताजी मिळतील. पण शब्द बरोब्बर दिला तिनं. हे काम बाहेरून आयात होणार नाहीये, हे इथंच बसून करायला लागेल, मराठीत, आणि एका रूमच्या घरात जिथे पेशंटला रडायला बाथरूमशिवाय जागा नाही तिथे नंतरचे दिवस कसे काढायचे ते पण.

याउलट आत्ता काय चाललंय बघा. पावसाळ्यात मुळशी, ताम्हिणीकडे जाणारी पोरं कुत्र्याच्या छत्र्यांचे फोटो ग्रुपवर टाकून विचारतात, ही तीच का. विषारी अळंबीनं लिव्हर जातं, हे त्यांना फोटोत कुठून दिसणार. कोडाईकनालला मॅजिक मश्रूम चोरून विकतात हे तर सगळ्यांना माहीतच आहे. २०२५ च्या जानेवारीत केरळ हायकोर्टानं एका जामिनाच्या प्रकरणात म्हटलं की मश्रूम म्हणजे 'मिश्रण' नव्हे, त्यामुळे सगळं वजन अमली द्रव्य म्हणून धरता येणार नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून फॉरवर्ड सुरू, मश्रूम लीगल झालं म्हणून. काही लीगल झालेलं नाहीये, सायलोसायबिन एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत होतं तसंच आहे. आमचे एक काका तर म्हणाले आपल्याकडे सोमरस होताच, हे गोरे आत्ता शोधतायत. मी त्यांना म्हटलं काका, सोम म्हणजे मश्रूम हा तर्क पण गॉर्डन वॉसन नावाच्या अमेरिकन बँकरचाच, आणि तो म्हणत होता ते मश्रूम हे नव्हेच, लाल टोपीवालं दुसरं, आणि अभ्यासकांना तो तर्क फारसा पटलेला नाही. काका तेव्हापासून माझ्याशी जरा कमी बोलतात.

हाच वॉसन १९५५ मधे मेक्सिकोत वाहाका भागातल्या एका डोंगराळ गावी मारिया सबिना नावाच्या बाईकडे रात्रीच्या विधीला बसला होता. ती आजारी माणसांसाठी हा विधी करायची. यानं १९५७ मधे लाईफ मासिकात लेख लिहिला, पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमधे अल्बर्ट हॉफमननं त्या मश्रूममधून सायलोसायबिन वेगळं काढलं, इकडे गावात परदेशी पोरांची रीघ लागली, पोलीस आले, गाव त्या बाईवर उलटलं, तिचं घर जाळलं. घाटाखालच्या त्या फार्महाऊसच्या जाहिरातीत तिचा फोटो होता. घर जाळल्याचं काही लिहिलं नव्हतं.

गाईडची पण खात्री करायला लागते बरं का. कॅनडात एमडीएमएच्या, म्हणजे एक्स्टसी म्हणतात त्या दुसऱ्या द्रव्याच्या, एका ट्रायलमधे थेरपिस्ट जोडप्यानं पेशंट बाईशी केलेलं गैरवर्तन कॅमेऱ्यात आलंय, ते सुद्धा सगळे नियम असलेल्या ट्रायलमधे. २०२४ च्या ऑगस्टमधे एफडीएनं एमडीएमए थेरपी नाकारली. मग इथं सहा आठवड्यांचा ऑनलाईन कोर्स केलेला मुलगा, फोनवर मला 'ताई, मेडिसिन निवडतं माणसाला' म्हणणारा, त्याच्या हवाली मी दादाला करायचं? ॲडव्हान्स परत मिळाला नाही, ते सोडा.

कायद्याचं म्हणाल तर मला माहितीये तुमचे हात बांधलेत. पण एक सांगू का, हा सिनेमा आमच्या घरानं आधी पाहिलाय. आमच्या अण्णांना १९९६ मधे हाडात कॅन्सर गेला होता. शेवटचे दोन महिने ते उशीचा कोपरा दातात धरून झोपायचे, उशीला भोक पडलं होतं. पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलला आम्ही मॉर्फिन मागितलं, ते म्हणाले ठेवत नाही, परवान्याची कटकट आहे. मला तेव्हा वाटलं आपलंच नशीब. नंतर कधीतरी वाचलं की १९८५ चा एनडीपीएस कायदा आल्यावर पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घसरला होता. औषधावर बंदी नव्हतीच हो! परवान्यांचा जंजाळ आणि डॉक्टरांची भीती, बस्स. केरळातले डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारखे डॉक्टर वर्षानुवर्षं मागे लागले तेव्हा कुठे २०१४ मधे कायदा बदलून ती वाट जरा मोकळी झाली. अण्णा जाऊन तेव्हा सतरा वर्षं होऊन गेली होती.

सायलोसायबिन आणि मॉर्फिन एकच नाही, कळतं मला. मॉर्फिन काय करतं ते जगाला माहीत होतं, याचं अजून ठरायचंय. पण त्याच कायद्याच्या आठव्या कलमात वैद्यकीय आणि शास्त्रीय कामासाठी नियमांच्या चौकटीत सवलत ठेवलेली आहे. ती चौकट उघडायला अर्ज कोण करणार, मी? वहिनी? अर्ज तुमच्या सह्यांचाच लागेल. शॉकचं उदाहरण घ्या ना, त्याच्याइतकं बदनाम काय होतं, सिनेमांनी वाट लावली होती पार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी घातली, आणि मी दादाला घेऊन गेले तेव्हा तो अर्ध्या तासात उठून बसला आणि पोहे मागितले. नियम नीट असले की भीतीदायक गोष्ट पण घरच्या माणसाला सही करण्याइतकी सोपी होते.

मार्चमधे आम्ही दुसऱ्या एका ओपीडीत गेलो, तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, बहुतेक नुकत्या पास झालेल्या. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं, फॉर्म, लिथियम, सगळं. त्या हसल्या नाहीत. पेन खाली ठेवलं. आधी दादाला विचारलं की आत्ता जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, मग बंद केलेली गोळी परत कशी सुरू करायची ते लिहून दिलं, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ नंबर वहिनीच्या फोनमधे सेव्ह करायला लावला. मग म्हणाल्या, 'काका, हे मी तुम्हाला देऊ शकत नाही, आपल्याकडे परवानगी नाही. आणि लिथियम चालू असताना तुम्ही हे कुठंही, कधीही घ्यायचं नाही. पण मला सांगा, तिथे जाऊन तुम्हाला काय मिळेल असं वाटलं होतं?'

दादा बराच वेळ गप्प होता. पंखा कुईंकुईं करत होता. मग म्हणाला, 'मॅडम, टूलरूमला रात्री शेवटचं मशीन बंद झालं की एकदम शांत व्हायचं. तेवढं एकदा हवं होतं.'

बारा वर्षांत हे वाक्य आमच्यापैकी कुणी ऐकलं नव्हतं. वहिनीनं पण नाही. त्या बाईंनी ते केसपेपरवर लिहून घेतलं, मी बघितलं, जसंच्या तसं मराठीत. एकूण चाळीस मिनिटं लागली असतील, बाहेरचे लोक वैतागले होते, एका आजोबांनी दार पण वाजवलं.

माझं मागणं एवढंच आहे डॉक्टर. नाही म्हणायचं तर नाही म्हणा, पण बसून म्हणा. केस हिस्टरी घेताना दारू-तंबाखू विचारता तसं हे पण विचारा, असं काही घेतलंय का, घ्यायचा विचार आहे का, आणि पेशंट हो म्हणाला तर पोलिसासारखं बघू नका. लिथियम, सायकोसिस, स्वतःहून गोळ्या बंद करणं, या तीन गोष्टींचं एक पानी मराठी पत्रक काढा, झेरॉक्सचे पैसे मी देते, सिरियसली. आणि तुमच्या ज्या काही मिटिंगा, कॉन्फरन्स होतात ना, तिथे कुणीतरी उठून म्हणा की पुण्यात एवढी मेडिकल कॉलेजं आहेत, येरवड्यासारखं शंभर वर्षं जुनं मनोरुग्णालय आहे, मग एखादी नीट ट्रायल इथं का होऊ नये, सरकारी जागेत, फुकट, एथिक्स कमिटीच्या देखरेखीखाली, टूलरूमच्या माणसाला परवडेल अशी. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आलं होतं की डिप्रेशनच्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. त्यांच्यासाठी आधी साध्या गोळ्या आणि बोलायला माणूस हवा, ही मश्रूमची चैन कशाला, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण उरलेल्यांमधे दादासारखे आहेत जे सगळं घेऊन बसलेत आणि कप तसाच आत येतोय. त्यांना पुढचं काय, हे विचारायला घाटाखाली जायला लागू नये.

ट्रायल निघाली तरी दादा त्यात बसेल असं नाही. लिथियम आहे, वय आहे, बीपी आहे. त्याला हे मी सांगितलं, तो म्हणाला माझ्यासाठी नको गं, पण टॉलरन्स (टूलरूमच्या भाषेत मापात खपणारी चूक) काय निघतोय ते कळलं तरी पाहिजे.

येत्या गुरुवारी त्याची जुन्या डॉक्टरांकडे अपॉइंटमेंट आहे. बदललेले नाहीत आम्ही डॉक्टर, इतकी वर्षं त्यांनीच सांभाळलंय. त्या फॉर्मची प्रिंट मी बटणवाल्या फाईलमधे सगळ्यात वर लावून ठेवलीये, टी-शर्टच्या साईजला पिवळ्या हायलायटरनं खूण केलीये. दादा म्हणाला ह्या वेळेस मी दाखवतो, तू बोलू नको.

आपली,
एका पेशंटची बहीण
कर्वेनगर, पुणे